थांबलेली चिप, चालते घड्याळ : डीबगरमधील इव्हेंट हँडलरचा इतिहास

१२ जुलै २०१० रोजी सकाळी ९ वाजून २२ मिनिटांनी श्रीहरिकोट्याहून पीएसएलव्ही-सी१५ हे प्रक्षेपणयान अवकाशात झेपावले. त्याचा मुख्य प्रवासी होता ६९४ किलो वजनाचा कार्टोसॅट-२बी. त्याच्यासोबत अल्जीरिया, नॉर्वे आणि स्वित्झर्लंड या देशांचे उपग्रह होते, आणि या सर्वांच्या सोबतीला एक किलोपेक्षाही कमी वजनाची एक लहानशी पेटी होती. तिचे नाव स्टडसॅट. बंगळुरू आणि हैदराबाद येथील सात अभियांत्रिकी महाविद्यालयांच्या विद्यार्थ्यांनी हा उपग्रह तयार केला होता. त्याच्याशी संपर्क ठेवणारे भूस्थानक बंगळुरूच्या उत्तरेस, येलहंका येथील निट्टे मीनाक्षी इन्स्टिट्यूट ऑफ टेक्नॉलॉजीच्या आवारात उभारण्यात आले. नास्ट्रॅक हे त्याचे नाव. वायुदलाचा तळ आणि रेल्वेची चाके घडवणारा कारखाना यांसाठी ओळखल्या जाणाऱ्या या उपनगराला त्या दिवसापासून आणखी एक ओळख मिळाली.

स्टडसॅटच्या आज्ञा-व्यवस्थेच्या केंद्रस्थानी ॲटमेल कंपनीचा एव्हीआर३२ कुळातील यूसी३ए०५१२ हा मायक्रोकंट्रोलर होता. हे नाव ज्यांनी कधी ऐकले नसेल त्यांच्यासाठी एवढेच पुरे, की ही ३२ बिटांची एक साधी व्यापारी चिप आहे. तिच्यात ५१२ किलोबाइट फ्लॅश स्मृती, ६४ किलोबाइट चालती स्मृती आणि कमाल ६६ मेगाहर्ट्झचे घड्याळ असते. आणखी एक गोष्ट तिच्यात होती, जिची चर्चा उपग्रहांच्या बातम्यांत कधीच होत नाही : चिपच्या आत डोकावण्यासाठी ठेवलेली काही पायांची खिडकी. प्रयोगशाळेत या खिडकीला केबल जोडून प्रोसेसर थांबवता येतो, त्याच्या रजिस्टरांतील आकडे वाचता येतात, स्मृती बदलता येते. उपग्रह प्रक्षेपणयानाच्या स्वाधीन केला, की ती केबल कायमची सुटते. त्यानंतर सुमारे ६३० किलोमीटर उंचीवरून, दर ९७ मिनिटांच्या प्रदक्षिणेत कधीतरी काही मिनिटांपुरता डोक्यावरून जाणारा रेडिओसंदेश एवढाच दुवा उरतो.

या खिडकीचा इतिहास, आणि त्यातही ती वापरणाऱ्या सॉफ्टवेअरला ‘अमुक घडले की तमुक कर’ असे आधीच सांगून ठेवण्याच्या पद्धतीचा इतिहास, बराचसा अलिखित आहे. या आज्ञांना अभियंते इव्हेंट हँडलर म्हणतात. हा विषय वरकरणी कोरड्या तांत्रिक जुळणीचा वाटतो. मात्र एखाद्या यंत्रातील दोष सापडणार की शोधतानाच त्याचा पुरावा नष्ट होणार, हे पुष्कळदा या चार-दोन ओळींवर ठरते.

१९७० च्या दशकाच्या आरंभी मायक्रोप्रोसेसर बाजारात आले, तेव्हा त्यांच्या आत पाहण्याची कोणतीच सोय नव्हती. प्रोग्राम चुकला तर अभियंता ऑसिलोस्कोप लावून तारांवरचे विद्युत्‌दाब पाहत असे, किंवा प्रोग्राममध्ये जागोजागी दिवा लावण्याच्या आज्ञा पेरत असे. इंटेलने यावर काढलेला तोडगा मोठा खर्चिक होता. सर्किटमधून मूळ प्रोसेसर काढून घ्यायचा आणि त्याच्या जागी जाड केबलच्या टोकाला असलेली एक खोटी चिप बसवायची. केबलच्या दुसऱ्या टोकाला कपाटाएवढे नसले तरी टेबल व्यापणारे यंत्र. हे यंत्र प्रोसेसरचे सोंग हुबेहूब वठवी आणि हवे तेथे थांबे. इन-सर्किट एम्युलेटर हे त्याचे नाव, आणि आयसीई हे लघुरूप. डीबगरच्या दुनियेत ‘आइस’ हा शब्द आजही टिकून आहे, मूळ यंत्र संग्रहालयात गेले तरी.

एम्युलेटरची कोंडी चिपच्या प्रगतीनेच केली. घड्याळाचा वेग वाढला, तशी लांब केबल संदेश वेळेत पोहोचवू शकेना. प्रोसेसरच्या पोटातच कॅशे स्मृती आली, तेव्हा आतले पुष्कळसे व्यवहार बाहेरच्या पायांवर दिसेनासे झाले. चिप खोबणीत बसवण्याऐवजी थेट पाटीवर डाखल्या जाऊ लागल्या, आणि मग काढून दुसरी बसवण्याचा प्रश्नच मिटला. खिडकी बाहेरून पाडता येत नसेल तर ती चिप घडवतानाच ठेवावी लागेल, हे स्पष्ट झाले. मोटोरोलाने १९८० च्या दशकाच्या अखेरीस आपल्या काही प्रोसेसरांत तशी सोय केलीही.

सर्वमान्य झालेली खिडकी मात्र भलत्याच कामासाठी जन्माला आली. १९८५ च्या सुमारास युरोपातील काही इलेक्ट्रॉनिक कंपन्यांपुढे प्रश्न होता तो डाखकामाचा. पाटीवरील शेकडो सांध्यांपैकी कोणता निसटला आहे, हे तपासायला खिळ्यांची गादी लावण्याची जुनी रीत दाट पाट्यांवर चालेना. म्हणून चिपच्या प्रत्येक पायामागे एक छोटा कप्पा ठेवायचा आणि सर्व कप्पे एका माळेत ओवायचे, अशी कल्पना निघाली. माळेच्या एका टोकातून बिट आत ढकलायचे, दुसऱ्या टोकातून बाहेर येणारे वाचायचे. या गटाच्या नावावरून त्या पद्धतीला जेटॅग म्हणू लागले आणि १९९० मध्ये आयईईई ११४९.१ या क्रमांकाने ती प्रमाणित झाली. तिला चारच पाय लागतात. आत सोळा अवस्थांचे एक छोटे अवस्थायंत्र असते; एका ठराविक पायावर सलग पाच वेळा ‘१’ दिला की ते कोणत्याही अवस्थेतून मूळपदावर येते. विद्यार्थ्यांनी हा आराखडा एकदा कागदावर काढून पाहावा. एवढ्या थोड्या सामग्रीत एवढी मजबुती क्वचित आढळते.

डाखकाम तपासण्याच्या या माळेतूनच प्रोसेसरच्या पोटात शिरता येईल, हे चिपकारांच्या लवकरच ध्यानी आले. ब्रिटनमधील एआरएम कंपनीच्या एआरएम७टीडीएमआय या प्रोसेसरच्या नावातील ‘डी’ हे अक्षर डीबगचे आणि ‘आय’ हे अंतर्गत आइस विभागाचे आहे. त्या विभागात फक्त दोन पहारेकरी होते : विशिष्ट पत्ता किंवा विशिष्ट मूल्य दिसले की प्रोसेसर थांबवणारी दोन तुलना-केंद्रे. पुढे १९९९ मध्ये नेक्सस ५००१ हे प्रमाण आले. त्यात प्रोसेसर न थांबवता त्याच्या हालचालींचा माग घेण्याच्या सोयी श्रेणीवार मांडल्या होत्या. स्टडसॅटमधील एव्हीआर३२ यूसी३ कुळ या नेक्सस पंथाचेच. म्हणजे येलहंक्याच्या आकाशातून फिरलेल्या त्या चिपमध्ये खिडकी चांगलीच प्रशस्त होती. कक्षेत गेल्यावर तिच्याशी उभे राहायला कोणी नव्हते इतकेच.

हार्डवेअरची बाजू अशी सुटली, तरी सॉफ्टवेअरची अडचण उरली, आणि ती अधिक चिवट निघाली. डीबगर प्रोसेसरला ओळखतो, पाटीला ओळखत नाही. एकच प्रोसेसर एका पाटीवर बाहेरच्या स्फटिकाच्या तालावर चालतो, दुसऱ्या पाटीवर आतल्या घड्याळावर. एकीकडे बाहेरची स्मृती जोडलेली असते आणि ती वापरण्यापूर्वी तिच्या नियंत्रकाला पंधरा-वीस आकडे सांगावे लागतात; दुसरीकडे ती नसतेच. एका पाटीवर रीसेटचे दोन मार्ग स्वतंत्र असतात, दुसऱ्या पाटीवर रचनाकाराने काटकसर म्हणून ते एकत्र बांधलेले असतात. हे ज्ञान डीबगर लिहिणाऱ्यापाशी असू शकत नाही. ते पाटी बनवणाऱ्यापाशी असते. त्यामुळे डीबगरने आपल्या कामाच्या ओघात काही ठरलेल्या क्षणी थांबून पाटीच्या जाणकाराला विचारावे, ‘आता येथे काही करायचे आहे का?’, अशी व्यवस्था भाग पडली. इव्हेंट हँडलरचे मूळ या प्रश्नात आहे.

त्याची बीजे जुनी आहेत. रिचर्ड स्टॉलमन यांनी १९८६ मध्ये लिहिलेल्या जीडीबी या डीबगरमध्ये प्रोग्राम थांबला की आपोआप चालणाऱ्या आज्ञांना ‘हुक’ म्हणत. ब्रेकपॉइंटलाही आज्ञांची यादी जोडता येई. व्यापारी डीबगरांनी आपापल्या लिपी काढल्या. पण चिपच्या पातळीवर ही कल्पना सर्वांना मोकळेपणी वापरता येईल अशा रूपात आली ती जर्मनीतील आउग्सबुर्ग येथून. तेथील उपयोजित विज्ञानांच्या विद्यापीठात डॉमिनिक राथ या विद्यार्थ्याने २००५ मध्ये पदविका-प्रबंधाचे काम म्हणून ओपनओसीडी हे सॉफ्टवेअर लिहिले. महागड्या उपकरणांच्या जागी स्वस्त जेटॅग जोडणी वापरून एआरएम चिप थांबवणे, तिची फ्लॅश लिहिणे आणि जीडीबीला तिच्याशी बोलते करणे, असा त्याचा उद्देश होता. ते मुक्त परवान्याखाली प्रसिद्ध झाले आणि थोड्याच वर्षांत जगभरच्या प्रयोगशाळांत पोहोचले. भारतातील महाविद्यालयांच्या दृष्टीने हा बदल मोठा होता. ज्या कामासाठी पूर्वी परदेशी उपकरण मागवावे लागे, ते काही शे रुपयांच्या जोडणीवर होऊ लागले.

ओपनओसीडीच्या जुळणीच्या फायली आरंभी केवळ मापदंडांच्या याद्या होत्या. २००८ मध्ये तिच्यात जिम हा टीसीएल भाषेचा छोटा अनुवादक बसवण्यात आला आणि याद्यांचे रूपांतर प्रोग्राममध्ये झाले. यात एक योगायोग आहे. टीसीएल भाषा जॉन औस्टरहौट यांनी १९८० च्या दशकाच्या उत्तरार्धात बर्कली येथे रचली, तेव्हा ते एकात्मिक सर्किटांची रेखाटने करणारी साधने लिहीत होते आणि प्रत्येक साधनासाठी वेगळी आज्ञाभाषा करण्याला कंटाळले होते. चिप रेखाटण्याच्या कामातून निघालेली भाषा वीस वर्षांनी चिपमधील दोष शोधण्याच्या कामी आली.

आता ही व्यवस्था प्रत्यक्षात कशी चालते ते पाहू. ओपनओसीडीत प्रत्येक प्रोसेसर हा एक ‘टार्गेट’ असतो आणि त्याच्या आयुष्यातील ठराविक क्षणांना नावे असतात. रीसेट ही एकच कृती घेतली, तरी तिचे तुकडे करून रीसेट-स्टार्ट, रीसेट-असर्ट-प्री, रीसेट-असर्ट-पोस्ट, रीसेट-डीअसर्ट-प्री, रीसेट-डीअसर्ट-पोस्ट, रीसेट-इनिट आणि रीसेट-एंड असे टप्पे पाडलेले आहेत. त्याशिवाय प्रोसेसर थांबला की हॉल्टेड, पुन्हा सुटला की रिझ्यूम्ड, पहिली ओळखपरेड संपली की एक्झॅमिन-एंड, जीडीबी येऊन जोडला की जीडीबी-अटॅच. ‘कॉन्फिगर’ या आज्ञेने यांपैकी कोणत्याही नावापुढे टीसीएलचा तुकडा ठेवता येतो. तो क्षण आला की तुकडा चालतो.

रीसेटचे एवढे तुकडे कशासाठी, असा प्रश्न नवख्याला पडतो. उत्तर घड्याळात आहे. जुन्या एआरएम प्रोसेसरांत जेटॅगचा वेग प्रोसेसरच्या वेगाच्या सहाव्या हिश्शापेक्षा जास्त असून चालत नाही. ॲटमेलच्याच एआरएम कुळातील काही चिप रीसेटनंतर ३२,७६८ हर्ट्झच्या संथ घड्याळावर जाग्या होतात. त्या क्षणी जेटॅग पाच किलोहर्ट्झच्या आसपास आणावा लागतो. आधीचा कित्येक मेगाहर्ट्झचा वेग तसाच ठेवला, तर चिप तोंड उघडत नाही आणि अभियंता केबल बदलत बसतो. म्हणून रीसेट-स्टार्टच्या हँडलरमध्ये वेग उतरवायचा, रीसेट-इनिटमध्ये प्रोसेसरचे मुख्य घड्याळ चालू करायचे, आणि मगच वेग पुन्हा चढवायचा. एसटीएम३२एफ४ या आज महाविद्यालयांत सर्वत्र दिसणाऱ्या चिपसाठी ओपनओसीडीसोबत येणारी फाइल उघडली, तर हाच क्रम दिसतो. रीसेटने चिप १६ मेगाहर्ट्झवर येते, म्हणून जोडणीचा वेग २,००० किलोहर्ट्झ. मग रीसेट-इनिटमध्ये घड्याळ ६४ मेगाहर्ट्झपर्यंत वाढवले जाते आणि जोडणी ८,००० किलोहर्ट्झवर जाते. वेगाचा फायदा फ्लॅश लिहिताना मिळतो.

दुसरी अडचण पहिल्या आज्ञेची. रीसेटच्या तारा एकत्र बांधलेल्या पाटीवर प्रोसेसरला रीसेटमधून सोडेपर्यंत त्याच्याशी बोलताच येत नाही. डीबगरचा ‘थांब’ पोहोचेपर्यंत प्रोसेसर पळू लागलेला असतो. ६६ मेगाहर्ट्झच्या घड्याळावर एक मिलिसेकंद म्हणजे ६६,००० ठोके. तेवढ्यात आरंभीचा प्रोग्राम संपूनही गेलेला असू शकतो. दोष जर त्या आरंभीच्या भागातच असेल, तर तो पाहायला डीबगर नेहमीच उशिरा पोहोचतो. पुढे एआरएमच्या कॉर्टेक्स-एम कुळात यावर हार्डवेअरमध्येच उपाय झाला. ‘व्हेक्टर कॅच’ नावाच्या सोयीत एक बिट आधीच लावून ठेवला की रीसेटनंतर पहिली आज्ञा चालण्यापूर्वीच प्रोसेसर थबकतो. हाही एक प्रकारचा इव्हेंट हँडलरच. फक्त तो सिलिकॉनमध्ये कोरलेला आहे.

सर्वांत बोधप्रद गोष्ट वॉचडॉगची. प्रत्येक गंभीर यंत्रात हा पहारेदार असतो. तो एक उलटी मोजणी करणारे घड्याळ आहे. प्रोग्रामने ठराविक काळात त्याला थोपटले नाही, तर प्रोग्राम अडकला असे समजून तो चिपला रीसेट करतो. उपग्रहात याचे महत्त्व वेगळे सांगायला नको. अवकाशातील प्रारणाने एखादा बिट उलटला तर हाताने वीज बंद-चालू करायला तेथे कोणी नसते. पण प्रयोगशाळेत हाच पहारेदार शत्रू होतो. डीबगरने प्रोसेसर थांबवला, तरी पुष्कळ चिपांवर वॉचडॉगचे स्वतंत्र घड्याळ चालूच राहते. अभियंता ब्रेकपॉइंटवर थांबून रजिस्टरांतील आकडे वाचू लागतो आणि पाहता पाहता चिप रीसेट होते. जो दोष तासन्‌तास वाट पाहून पकडला होता, त्याची सर्व चिन्हे पुसली जातात. एसटीएम३२ च्या त्या फाइलीत म्हणूनच एक्झॅमिन-एंड या क्षणाला दोन-तीन आज्ञा जोडलेल्या आहेत : प्रोसेसर थांबलेला असताना वॉचडॉगांची मोजणीही गोठवावी. त्या क्षणाची निवडही विचारपूर्वक आहे. रीसेटच्या हँडलरमध्ये या आज्ञा ठेवल्या असत्या, तर चालत्या यंत्राला रीसेट न करता जाऊन जोडणाऱ्या अभियंत्याला त्यांचा काहीच उपयोग झाला नसता. आणि अवघड दोष बहुतेक वेळा चालत्या यंत्रातच सापडतात.

येथे एक सापळा आहे, आणि ओपनओसीडीच्या अधिकृत पुस्तिकेत तो नोंदवलेला असूनही लोक त्यात पडत राहतात. एका टार्गेटच्या एका इव्हेंटला एकच हँडलर असतो. त्याच नावाने दुसरा जोडला, तर पहिल्यात भर पडत नाही, पहिला जातो. ओपनओसीडीच्या फायली तीन थरांत असतात : जोडणीची, चिपची आणि पाटीची. पाटीची फाइल चिपच्या फाइलीला आधी बोलावून घेते आणि मग स्वतःचे सांगते. पाटीच्या लेखकाने आपल्या स्मृतीसाठी रीसेट-इनिट लिहिला, की चिपच्या फाइलीतील घड्याळ चढवणारा रीसेट-इनिट निमूटपणे नाहीसा होतो. कोणतीही चूक दाखवली जात नाही. एवढेच घडते, की काही तरी पूर्वीपेक्षा संथ चालते किंवा अधूनमधून तुटते.

याहून खोल धोका मात्र हँडलर बरोबर असण्यात आहे. समजा, रीसेट-इनिटने घड्याळ लावले, बाहेरच्या स्मृतीचा नियंत्रक सिद्ध केला, वॉचडॉग गोठवला. प्रोग्राम सुरेख चालला. मग केबल काढली, वीज बंद करून चालू केली, आणि यंत्र मुके झाले. प्रोग्रामच्या स्वतःच्या आरंभीच्या भागात स्मृती सिद्ध करायचे राहूनच गेले होते; ते काम डीबगर रोज न सांगता करून ठेवत होता. अंतर्भूत यंत्रणांवर काम करणाऱ्या प्रत्येक गटात ही गोष्ट कोणत्या ना कोणत्या रूपात घडलेली असते. निरीक्षणाचे साधन निरीक्षणाचा विषय बदलते, हे भौतिकीच्या विद्यार्थ्यांना नव्याने सांगायला नको. मात्र येथे बदल किती झाला हे ओळींच्या हिशेबात वाचता येते, आणि तो वाचणे हे कामाचा भाग मानले पाहिजे. उपग्रहासारख्या यंत्राच्या बाबतीत तर हँडलरमधील प्रत्येक ओळीला एकच प्रश्न विचारावा लागतो : केबल सुटल्यावर हे काम कोण करणार? उत्तर ‘प्रोग्राम’ असेल तर ती ओळ प्रोग्राममध्येही असायला हवी. उत्तर ‘कोणाचीच गरज नाही’ असेल, तर ती ओळ काढून एकदा चाचणी व्हायला हवी.

याच प्रश्नाला अमेरिकेच्या जेट प्रोपल्शन लॅबोरेटरीने १९९७ मध्ये एक वेगळे उत्तर दिले होते. ४ जुलै १९९७ रोजी मार्स पाथफाइंडर मंगळावर उतरले आणि काही दिवसांतच त्याचा संगणक मधूनमधून आपोआप रीसेट होऊ लागला. प्रत्येक रीसेटबरोबर त्या दिवसाचे उरलेले काम बुडे. पाथफाइंडरवरील व्हीएक्सवर्क्स या कार्यप्रणालीत कार्यांची अदलाबदल, कुलुपे आणि इंटरप्ट यांची नोंद घेणारी सोय होती. प्रक्षेपणापूर्वी अशा शोधसोयी काढून टाकण्याचा मोह असतो. या गटाने त्या काढल्या नव्हत्या, कारण ज्याची चाचणी केली तेच उडवायचे, हे त्यांचे तत्त्व होते. पृथ्वीवरील जुळ्या यंत्रावर नोंद चालू ठेवून तो प्रसंग पुन्हा घडवण्यात आला. हवामानाची मापे घेणाऱ्या कमी प्राधान्याच्या कार्याने एक कुलूप धरून ठेवले होते, मधल्या प्राधान्याची कार्ये त्याला पुढे सरकू देत नव्हती, आणि बसवरील माहिती वाटणारे उच्च प्राधान्याचे कार्य त्या कुलुपासाठी खोळंबले होते. ते वेळेत संपले नाही हे पाहून दुसऱ्या कार्याने नियमानुसार संपूर्ण संगणक रीसेट केला होता. उपाय एका मापदंडाचा निघाला : कुलूप धरणाऱ्याला तात्पुरते वरचे प्राधान्य मिळावे. तो बदल मंगळाकडे पाठवला गेला आणि रीसेट थांबले. यातील महत्त्वाचा भाग असा, की रीसेट हा दोष नव्हता. तो घटनेचा हँडलर होता आणि त्याने नेमलेले काम चोख केले. दोष त्याच्या आधीच्या क्षणांत होता, आणि ते क्षण नोंदवणारे दुसरे हँडलर जागे होते म्हणून तो सापडला.

भारतीय विद्यार्थी-उपग्रहांची परंपरा नेमकी या शिस्तीची शाळा ठरली. स्टडसॅटपूर्वी २० एप्रिल २००९ रोजी चेन्नईच्या अण्णा विद्यापीठाचा अनुसॅट कक्षेत गेला होता. महाराष्ट्रातून २२ जून २०१६ रोजी पुण्याच्या कॉलेज ऑफ इंजिनिअरिंगचा ९९० ग्रॅम वजनाचा ‘स्वयम्’ पीएसएलव्ही-सी३४ मधून गेला. त्याचे तोंड योग्य दिशेला राखण्यासाठी चुंबक आणि हिस्टेरेसिसच्या कांड्या होत्या, म्हणजे त्या कामापुरता प्रोग्रामच नको, अशी निवड त्यांनी केली. जे काम पदार्थविज्ञान परस्पर करते त्यात डीबग करण्यासारखे काही उरत नाही. ही निवड पुण्याच्या विद्यार्थ्यांच्या शहाणपणाची साक्ष देते. त्याच वर्षी २६ सप्टेंबरला मुंबईच्या भारतीय तंत्रज्ञान संस्थेचा सुमारे दहा किलोचा ‘प्रथम’ पीएसएलव्ही-सी३५ मधून गेला. आयनांबरातील इलेक्ट्रॉनांची एकूण संख्या मोजणे हे त्याचे काम. या प्रत्येक गटातील विद्यार्थी दर एक-दोन वर्षांनी बदलत गेले. पाटीविषयीचे ज्ञान एका तुकडीच्या डोक्यात राहिले तर ती पदवी घेऊन जाताना सोबत घेऊन जाते. जुळणीच्या फाइलीत लिहिलेले हँडलर मागे उरतात, अर्थात कोणी ते टिपणांसह लिहिले असतील तर.

येलहंक्याच्या उपग्रहातील चिपकुळाचे पुढे काय झाले, हेही इतिहासाच्या दृष्टीने लक्षणीय आहे. एव्हीआर३२ ही रचना ॲटमेलने २००६ मध्ये जाहीर केली. तिचे रचनाकार नॉर्वेतील ट्रॉनहाइमचे. एआरएमच्या लाटेत ती मागे पडली. लिनक्सच्या गाभ्यातून तिचा आधार २०१७ मध्ये ४.१२ या आवृत्तीत काढून टाकण्यात आला. ज्या कुळाची साधने एकाच कंपनीच्या हाती असतात, त्या कुळासाठी शिकलेली कौशल्ये कंपनीच्या निर्णयासरशी निरुपयोगी होऊ शकतात. स्टडसॅटच्या पिढीने शिकलेली आज्ञासूची आज फारसे कोणी वापरत नाही. थांबवणे, वाचणे, रीसेटचे टप्पे, वॉचडॉगचा पेच हे मात्र जसेच्या तसे पुढच्या चिपवर आले.

ती पुढची चिप आता भारतातही आखली जात आहे. मद्रासच्या भारतीय तंत्रज्ञान संस्थेतील ‘शक्ती’ प्रकल्पाने रिस्क-फाइव्ह या खुल्या आज्ञासंचावर प्रोसेसर रचले आणि २०१८ मध्ये त्यांची पहिली सिलिकॉन रूपे आली. एक इंटेलच्या २२ नॅनोमीटर प्रक्रियेत, दुसरे चंडीगडच्या सेमिकंडक्टर लॅबोरेटरीत १८० नॅनोमीटर प्रक्रियेत. शक्तीच्या विकास-पाट्यांवर डीबग करण्यासाठी ओपनओसीडीच वापरली जाते. एक बदल मात्र झाला आहे. आजवर चिपची फाइल परदेशातून तयार येई आणि येथील अभियंता फार तर पाटीची फाइल लिही. चिप येथे आखली गेली, की तिच्या रीसेटचे टप्पे, तिच्या घड्याळांचा क्रम आणि तिच्या वॉचडॉगचा स्वभाव जाणणारे लोकही येथलेच, आणि चिपच्या थरातील हँडलर लिहिण्याची जबाबदारीही त्यांची.

रिस्क-फाइव्हच्या डीबग-प्रमाणात, जे २०१९ मध्ये मंजूर झाले, प्रोसेसरच्या डीबग-नियंत्रण रजिस्टरात दोन बिट ठेवलेले आहेत. एक सांगतो की प्रोसेसर डीबगरने थांबवला असताना त्याचे गणक थांबावेत की चालावेत. दुसरा सांगतो की त्याची स्वतःची कालमोजणी थांबावी की चालावी. हे बिट बदलता यावेत की कायमचे एकाच मूल्यावर बांधावेत, हे प्रमाणाने चिप आखणाऱ्यावर सोडले आहे. वॉचडॉग प्रोसेसरच्या बाहेर असेल, तर तो या दोन्ही बिटांच्या कक्षेत येत नाही. तो गोठवायचा असेल तर आखणीच्या वेळीच वेगळी तार ओढावी लागते, आणि मग त्या चिपच्या फाइलीत एक्झॅमिन-एंड या नावापुढे एक ओळ.